ब्रेकला हात लावू नका म्हणे!

ज्या माणसाला सायकलचं पंक्चर काढता येतं, त्याला गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलता येतात. हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात निदान दहा जणांना ऐकवलं आणि दहाही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरच्या घरी कुणाचं तरी अपेंडिक्स काढायला निघालोय. "अरे ब्रेक आहेत ते! जिवाशी खेळ नको!" नाशिकचे काका, ठाण्याची ताई, लोकलमधला ग्रुप.. सगळ्यांचं पालुपद एकच. आमच्या सोसायटीच्या कमिटीने तर लिफ्टशेजारी थेट कागदच चिकटवला, पार्किंगमध्ये वाहन दुरुस्तीस सक्त मनाई. पार्किंगमध्ये क्रिकेट चालतं, हळदीला डीजे चालतो, दोन वर्षं धूळ खात पडलेली कुणाची तरी बुलेट चालते (म्हणजे चालत नाही, तेच तर!). पाना मात्र चालत नाही.

म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. नंतर फोन करून समजावू नये. :)

पहिली गोष्ट, ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे हे मला मान्यच आहे. पण जीव कुणाचा? मागच्या सीटवर माझी मुलगी बसते. सर्व्हिस सेंटरातल्या पोराला संध्याकाळपर्यंत आणखी सहा गाड्या उरकायच्या असतात. त्याला दोष देत नाही, बिचाऱ्याला तसंच राबवतात. पण मग "तज्ज्ञ माणसाकडे दिलं की निश्चिंत" हा जो आपला समज आहे ना, तो निश्चिंतपणा नसतो, ती फक्त पावती असते. मागच्या वेळी एका सर्व्हिस सेंटरात मला फोन आला, "सर, पुढचे पॅड गेलेत, डिस्कपण बदलावी लागेल." मी विचारलं, पॅड किती मिलिमीटर उरलंय? शांतता. डिस्क किती जाडीची भरली? पुन्हा शांतता. मग म्हणाला, "सर, आपल्याला कळतं ना बघून." गाडी तशीच घरी आणली, चाक काढलं, व्हर्नियर लावला. पॅडचा मसाला पाच मिमीच्या वर, डिस्क किमान जाडीच्या बरीच वर. ती किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते हो, शोधायला कुठे जावं लागत नाही! नव्या डिस्कपेक्षा ती साधारण दोन मिमीने कमी असते. मसाला तीन मिमीच्या आसपास आला की पॅड बदलावा. एवढंच शास्त्र आहे, आणि त्याला मोजपट्टी लागते, 'बघून कळणं' नाही.

आमचे अण्णा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. अंबरनाथ-उल्हासनगरच्या पट्ट्यात एक अख्खी पिढी मायक्रोमीटर हातात धरून जगली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडली. त्यांचीच मुलं-नातवंडं आज बदलापूरच्या पुढे फ्लॅट घेऊन राहतात आणि स्टेपनी बदलायलाही माणूस बोलावतात. मला याचा राग येतो. हाताला काळं लागणं हे कमीपणाचं कधीपासून झालं?

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हा खरा मुद्दा. चामटोलीसारख्या ठिकाणी गाडी कशी वापरली जाते ते बघा. सोमवार ते शुक्रवार मालक लोकलमध्ये लटकलेला, गाडी पार्किंगमध्ये उभी. शनिवार-रविवारी डी-मार्ट, नाहीतर कोंडेश्वर, नाहीतर नेरळवरून माथेरान. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर. सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटरवर बेतलेलं असतं, आणि इथे ब्रेकचा शत्रू किलोमीटर नाहीच, पाणी आहे! उल्हास नदी इथून किती लांब आहे ते २०१९ च्या जुलैत सगळ्या देशाला कळलं, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं तेव्हा. तसा पूर रोज येत नाही, पण जून ते सप्टेंबर हवाच ओली. बिडाची डिस्क एका रात्रीत तांबूस होते. तो वरवरचा गंज दोन-चार ब्रेक मारले की पुसला जातो, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते कॅलिपरच्या पिनांना.

जरा थांबून सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. या पिना रबरी टोप्यांमध्ये ग्रीसमध्ये बसलेल्या असतात. टोपी फाटली, पाणी गेलं, गाडी आठवडाभर उभी राहिली की पिन धरते. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड झिजत जातो आणि बाहेरचा जवळपास नवा राहतो. आता गंमत बघा. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून जो दिसतो तो बाहेरचा पॅड! "सर, पॅड ओके आहेत." आतला पत्र्यापर्यंत आलेला असला तरी ओके. चाक काढून, कॅलिपर उघडून, चारही पॅड मोजल्याशिवाय हे कळत नाही. आणि हे काम किती वेळाचं? एका बाजूला अर्धा तास.

माथेरानचं नाव निघालंच आहे तर हिशोबच मांडतो. दस्तुरीपासून नेरळपर्यंत गाडी सुमारे ७०० मीटर खाली उतरते. माणसांसकट १३०० किलोची गाडी धरा. तेवढ्या उताराची ऊर्जा सगळी ब्रेकने खायची म्हटलं, तर त्या उष्णतेत जवळजवळ तीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. तिथले टॅक्सीवाले पहिल्या गिअरमध्ये उतरतात ते उगाच नाही. आणि आपली मंडळी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतात! खाली येईपर्यंत करपल्याचा वास, पेडल मऊ. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर बघायलाच नको. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २०५ अंश, ओल शोषल्यावर मानकाप्रमाणे तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीपर्यंत जातं. दर दोन वर्षांनी बदला. हे मात्र गॅरेजमधून बदलून घ्या, नळीत हवा राहिली तर निस्तरणं एकट्याचं काम नाही.

पॅड कुठले घ्यायचे? इथे मी 'स्वस्तात मस्त' वाल्यांच्याही विरोधात आहे आणि 'रेसिंग पॅड' वाल्यांच्याही. रेसिंगचा मसाला तापल्याशिवाय नीट धरत नाही. बेलवली फाटकापाशी समोर रिक्षा आडवी आली तर तो तापायची वाट बघणार का? चेन्नईच्या ब्रेक्स इंडिया, राणे यांसारख्या कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या खोक्यात बाजारातही विकतात. तो घ्यावा, पक्क्या बिलावर. पॅडच्या कडेला बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं साध्या तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, घरच्या गाडीला एफएफ उत्तम. खोक्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉस नाही' असं लिहिलेलं बघा, कारण आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. आणि काहीही असलं तरी ब्रेकची धूळ हवेने फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय, मीही हसलोय; पण नकली पॅड कुठल्याही गावच्या दुकानात मिळू शकतो. दोनशे रुपये वाचले म्हणून तो घेणाऱ्याला मी 'घरी काम करणारा' समजत नाही.

कुणीतरी म्हणेलच, वॉरंटी जाईल. हीच भीती घालून आपल्याला वर्षानुवर्षं बांधून ठेवलंय. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नका, असंही त्याच आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, ते चालायचंच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही काढलं. आमच्या कमिटीला यातलं काही माहीत नसावं. असो.

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दगड. जॅक फक्त उचलायला. गाडी तोलायला स्टँडच हवा, विटा नाहीत, विटा फुटतात! कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे दाबा आणि ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, रंगावर सांडलं तर रंग गेला. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, साधं पिवळं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. डिस्क गंजून हबला चिकटली असेल तर हातोडी उगारण्याआधी तिच्यावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. त्यात एम ८ चे बोल्ट आवळत गेलं की ती आपोआप सुटते. नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने चकाचक करा. 'डिस्क वाकली, पेडल थरथरतं' ही तक्रार कितीदा तरी या न घासलेल्या गंजाचीच असते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. पॅड असोत की डिस्क, दोन्ही बाजूंना जोडीनेच. चाकाचे नट आडवे-तिरपे आवळत टॉर्क पान्याने, माझ्या गाडीच्या पुस्तकात ८५ न्यूटन-मीटर दिलंय. आणि गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट होईपर्यंत. पहिल्या दाबाला ते खालीच जातं, पिस्टन मागे ढकललेला असतो ना.

मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागच्या ब्रेकच्या नादी लागू नका, त्याला संगणक जोडावा लागतो. एबीएसचा दिवा लागला असेल, नळीतून ऑइल झिरपत असेल, तरीही गॅरेजच. कुठे थांबायचं ते मला कळतं, काका.

नवे पॅड बसवल्यावर मी भल्या पहाटे कर्जत रोडला जातो. पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, न थांबता, आठ-दहा वेळा. मध्ये थोडं मोकळं चालवून गार होऊ द्यायचं. डिस्कवर एकसारखी करडी झाक आली की बसले. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले आणि वांगणीकडून येणारे दोन-तीन टेम्पो, बाकी कुणी नसतं.

ताई, तुझ्या गाडीचे आतले पॅड कुणी शेवटचे कधी पाहिले? दिवाळीला येशील तेव्हा सकाळी लवकर ये. व्हर्नियर काढून ठेवतो. कमिटीचं मी बघतो.