मापात पाप नेमके कुठे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक्सवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या वर्गातले मित्र हसतील आणि विज्ञान शाखेचे मित्र चुका शोधायला बसतील. दोघांनाही माझा नमस्कार. हा विषय मी निवडलेला नाही. तो मामांच्या किराणा दुकानात माझ्या अंगावर येऊन पडला.

कॉलेज सुटल्यावर मी मामांच्या दुकानात हिशेब लिहितो आणि गर्दीच्या वेळी काट्यावर उभा राहतो. गेल्या पावसाळ्यात नेहमी येणाऱ्या एका आजींनी पाव किलो तूरडाळ घेतली, पुडी हातावर तोलली आणि म्हणाल्या, "तूक सरि इल्ल, तम्मा." वजन बरोबर नाही. मी कन्नडमध्येच त्यांना समजावले की आजी, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, आकडे समोर दिसताहेत, यात माणसाचा हात नाही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुडी शेजारच्या दुकानात तोलून आणली. पंधरा ग्रॅम कमी होती.

मामा चाळीस वर्षे दुकान चालवतात. 'मापात पाप' हा शब्द त्यांच्या दुकानापुढे कोणी उच्चारला नव्हता. त्यांनी आजींसमोरच लोखंडी एक किलोचे वजन काट्यावर ठेवले. काट्याने १.००० दाखवले. पाव किलोचे ठेवले, ०.२५० दाखवले. काटा खरा आणि आजीही खऱ्या, हे कसे? मामांना त्या रात्री जेवण गेले नाही.

उत्तर दुरुस्तीवाल्या काकांनी दिले. त्यांनी वजन ठेवले आणि मग आम्ही गिऱ्हाइकासाठी करतो तसा डाळीचा भाव काट्यावर घातला. वजनाचा आकडा पंधरा ग्रॅमनी वर गेला! भाव पुसला, वजन पुन्हा खाली आले. भाव घातला की वजन वाढते, हे मी अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

काकांनी काटा उघडून दाखवला ते थोडक्यात सांगतो. ताटलीखाली अॅल्युमिनियमची एक पट्टी असते. तिला लोड सेल म्हणतात. वजन पडले की ती किंचित वाकते, डोळ्याला दिसणार नाही इतकी. तिच्यावर नागमोडी धातूचे बारीक पापुद्रे चिकटवलेले असतात. ते ताणले की त्यांचा विद्युत रोध वाढतो, दाबले की कमी होतो. ही युक्ती १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना स्वतंत्रपणे सुचली. असे चार पापुद्रे व्हीटस्टनच्या सेतूसारखे जोडतात. सेतूला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण तीस किलोच्या वजनाला बाहेर येतात साधारण दहा मिलिव्होल्ट. मी हिशेब केला: आमचा काटा पाच ग्रॅमपर्यंत वाचतो, म्हणजे दहा मिलिव्होल्टचे सहा हजार भाग. एका भागाच्या वाट्याला दोन मायक्रोव्होल्टसुद्धा येत नाहीत.

इथपर्यंत कुठेही आकडा नाही. वजन अखंड वाढते तसा दाब अखंड वाढतो. यालाच अॅनालॉग म्हणतात. मग प्रवर्धक हा संकेत मोठा करतो. आमच्या जुन्या काट्यात शंभरपट, म्हणजे दहा मिलिव्होल्टचा एक व्होल्ट. त्यानंतर कन्व्हर्टर नावाची चिप त्या व्होल्टचा आकडा करते. आकडा तिथे जन्माला येतो. त्याच्या अलीकडचे सगळे अॅनालॉग, पलीकडचे सगळे डिजिटल, आणि दोन्ही एकाच डब्यात नांदतात म्हणून अशा मंडलाला मिश्र संकेतांचे मंडल म्हणतात.

आमचे पाप या सीमेवरच होते. दोन महिन्यांपूर्वी डिस्प्ले बिघडला तेव्हा एकाकडून तो बदलून घेतला होता. त्याने नव्या डिस्प्लेची परतीची तार, म्हणजे ग्राउंड, जवळ दिसली त्या बारीक तारेला जोडली. तीच तार प्रवर्धक आणि कन्व्हर्टर यांची सामाईक होती. भाव घातला की जास्त आकडे उजळतात. एक लिहायला दोन रेघा पेटतात, आठ लिहायला सात. त्यामुळे त्या तारेतून पन्नास मिलिअँपिअर जादा प्रवाह वाहू लागला. तारेचा रोध अवघा एक शतांश ओहम. पण गुणाकार करा: अर्धा मिलिव्होल्ट. प्रवर्धकाच्या पुढे अर्धा मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर पंधरा ग्रॅम. काकांनी डिस्प्लेला थेट पुरवठ्यापर्यंत स्वतंत्र जाड तार दिली आणि दोष गेला.

आम्हा वाणिज्यवाल्यांना हे नवे वाटू नये. मालकाचा खर्च आणि दुकानाचा खर्च एका गल्ल्यातून करू नये, हे आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवतात. ग्राउंडचेही तेच. कागदावर सगळी ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात तार ती तारच. दुसऱ्याचा प्रवाह तिच्यातून गेला की तुमचे शून्य शून्य राहत नाही.

आता माझे म्हणणे मांडतो.

पहिले आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांसाठी. आम्ही छापील आकड्यापुढे फार लवकर मान तुकवतो. दशांश चिन्हापुढे तीन स्थळे दिसली की ते सत्य वाटू लागते. पण बारकाई वेगळी आणि खरेपणा वेगळा. लेखापरीक्षक व्हाउचर मागतो, मग आकडा कुठे जन्मला हे कोण विचारणार? शिवाय ही चूक सर्वांना सारखी लागत नाही. पाच किलो घेणाऱ्याला पंधरा ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के. पाव किलो घेणाऱ्याला सहा टक्के! ज्याच्या खिशात कमी पैसे, त्याचेच जास्त बुडाले. आजी गरीब आहेत म्हणूनच त्यांच्या हाताला ते कळले, आणि मी शिकलेला आहे म्हणून मला कळले नाही. आमचाही दोष लपवत नाही. काटा दुरुस्त केल्यावर तो वजनमापे खात्याकडून तपासून पुन्हा शिक्का घ्यावा लागतो. तो आम्ही घेतला नव्हता. शिक्का म्हणजे सरकारी कटकट असे मीच मामांना म्हणालो होतो.

दुसरे अभियांत्रिकीच्या मित्रांसाठी. माझा मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला हा किस्सा सांगितला तर म्हणाला, "अरे, आता सगळं डिजिटल आहे. अॅनालॉग आम्ही पास होण्यापुरतं करतो." हे मत नवे नाही. १९७६ साली जिम विल्यम्स या एम. आय. टी.तल्या माणसाने 'ईडीएन' नियतकालिकात दहा लाखांत तीस भाग इतक्या बारकाईच्या काट्यावर लेख लिहिला. अॅनालॉग अजून मेलेले नाही याचा हा पुरावा, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. म्हणजे तेव्हाही त्याची तिरडी बांधणारे होतेच. विल्यम्स यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. पुढे ते या विद्येचे नामवंत गुरू मानले गेले. २०११ साली ते वारले.

अॅनालॉग मरणार नाही, कारण जग अॅनालॉग आहे. आवाज, ताप, नाडी, डाळीचे वजन यांपैकी काहीही आकड्यांत जन्मत नाही. मोबाइल कितीही हुशार असो, बोलणे आधी माइकमधून मिलिव्होल्ट होऊनच आत जाते. डिजिटल मंडल आता बरेचसे भाषेत लिहितात आणि यंत्र त्याची जुळणी करते. पण कोणती तार कुठून न्यावी, उष्णतेने काय सरकेल, कोणाचा प्रवाह कोणाच्या वाटेने परतेल, हे अॅनालॉगमध्ये अजून माणसालाच बसून ठरवावे लागते. ते अनुभवानेच येते. म्हणून अशी माणसे थोडी आणि त्यांना मान मोठा. अॅनालॉग चिपांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ सालीच बेंगळूरला केंद्र काढले. रात्रीच्या गाडीने बेळगावहून सकाळी पोहोचता येते, इतके ते जवळ आहे. २०२१ साली केंद्र सरकारने चिपांच्या उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. कारखाने पैशाने उभे राहतील. पण अर्धा मिलिव्होल्ट कुठून आला हे शोधणारा माणूस कुठून आणणार?

तिसरे, प्राध्यापकांना एक विनंती. आपल्या कॉलेजात एक जुना काटा आणावा आणि वाणिज्य व विज्ञान शाखेच्या मुलांनी तो मिळून उघडावा. विज्ञानवाल्यांनी तार शोधावी, आम्ही त्या चुकीचे पैसे कोणाच्या खिशातून गेले ते मांडावे. निष्कर्ष या अंकाच्या मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत छापावेत. दुकानदारांना सांगण्यासारखी एक ओळ तर आजच लिहितो: काटा तपासताना भाव घालून तपासा, कारण गिऱ्हाइकाला माल तसाच दिला जातो.

मामांनी शिक्का घेतला. दोन महिन्यांचा हिशेब प्रत्येक गिऱ्हाइकाला परत करणे शक्य नव्हते. म्हणून पुढले दोन महिने पाव किलोच्या प्रत्येक पुडीत त्यांनी पंधरा ग्रॅम वर टाकायला लावले. आजी अजून येतात. पुडी घेतली की आधी हातावर तोलतात, मगच पैसे काढतात. मी आता त्यांना काट्याकडे बोट दाखवत नाही. त्या काय म्हणतात याची वाट पाहत उभा राहतो.

— बी. कॉम. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी