खत नंतर घाला, आधी ऊन बघा



"बाई, माझी शेवंती का फुलत नाही?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीतल्या एका मुलीने हे विचारलं. मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "पाणी वेळेवर घालत नसशील." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दोनदा पाणी घालू लागली. झाड हिरवंगार, चांगलं वाढलेलं, पण कळी एकही नाही.

चूक तिची नव्हती, माझी होती. शोभा दिसावी म्हणून ती कुंडी मीच व्हरांड्यात दिव्याखाली ठेवायला लावली होती. तिथे दिवसा ऊन भरपूर यायचं, पण राखणीसाठी तो दिवा रात्रभर चालू असायचा. आणि शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. म्हणूनच ती आपल्याकडे थंडीत फुलते. फुलशेती करणारे शेतकरी तर फूल उशिरा यावं म्हणून मुद्दाम रात्री शेवंतीवर दिवे लावतात. आम्ही तेच नकळत करत होतो!

माझं मत स्पष्ट आहे. झाड फुलत नाही म्हटलं की आपण पाणी वाढवतो, खत घालतो, फवारणी करतो. मग "तुझा हातच वाईट" म्हणून मुलाला नावं ठेवतो. कुंडी कुठे ठेवली आहे हे सगळ्यात शेवटी बघतो. ते सगळ्यात आधी बघायला हवं.

खत म्हणजे जेवण नव्हे

"खत हे झाडाचं जेवण" असं आपण वर्गात सहज सांगून जातो. ते बरोबर नाही. झाडाचं अन्न पानात तयार होतं, प्रकाश, पाणी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून. खतातून मिळतात ती खनिजं. अन्नच कमी तयार होत असेल तर झाड आधी जीव वाचवतं, फुलांवर खर्च करत नाही. उलट सावलीतल्या कुंडीची माती लवकर वाळत नाही. तिथे रोज पाणी घातलं की मुळं कुजतात आणि आपण म्हणतो, "एवढी काळजी घेतली तरी मेलं."

घरात: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

खोली आपल्याला उजळ वाटते, कारण आपले डोळे कमी प्रकाशाशी जुळवून घेतात. झाडाला ते जमत नाही. भर दुपारी उघड्यावर सुमारे 1 लाख लक्स प्रकाश असतो, तर घरात खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात शंभर-दोनशे लक्सच भरतो. खिडकीपासून चार पावलं आत गेलात तरी प्रकाश खूप कमी होतो.

यंत्र नसेल तर सावली बघा. दुपारी कुंडीच्या जागी हात धरा. सावलीची कड स्पष्ट असेल तर प्रकाश भरपूर. सावली पुसट असेल तर पीस लिली चालेल. सावलीच पडत नसेल तर तिथे फुलझाड ठेवू नका. दोन पानांतलं अंतर वाढलंय, झाड खिडकीकडे झुकलंय, नवी पानं फिकी येतायत, ही प्रकाश कमी पडल्याची लक्षणं आहेत.

बाहेर: दिशा आणि ऋतू दोन्ही बघा

गुलाब, मोगरा, जास्वंद, झेंडू यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेचं सकाळचं ऊन सौम्य असतं. पश्चिमेचं एप्रिल-मे महिन्यातलं ऊन, त्यातही विदर्भ-मराठवाड्यातलं, कुंडीची मातीसुद्धा तापवतं. तेव्हा दुपारपुरती हिरवी जाळी बांधा.

सूर्य वर्षभर एकाच वाटेने जात नाही. थंडीत तो दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. मे महिन्यात आपण मुलांना शून्य सावली दिवस दाखवतो ना? त्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्याच गॅलरीत दुपारचं ऊन छपरामुळे अडतं. म्हणजे डिसेंबरमधली चांगली जागा मे महिन्यात चांगली असेलच असं नाही.

एक चूक मात्र करू नका. घरातली कुंडी एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजून पांढुरकी होतात. आधी तासभर सकाळचं ऊन द्या, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

शाळेत काय करावं?

'एक मूल, एक झाड' उपक्रमात आपण कुंड्या वाटतो आणि रांगेत मांडतो. फोटो छान येतो. पण एका मुलाची कुंडी उन्हात आणि दुसऱ्याची जिन्याखाली असेल, तर पुढे 'उत्तम निगा' म्हणून बक्षीस देणं हा अन्याय आहे.

काही जण म्हणतील, "शाळेत जागाच तेवढी आहे, काय करणार?" मग जागेप्रमाणे झाड निवडा. जिन्याखाली मोगरा नको. तिथे ऊन येत नसेल तर कुंडी नसलेलीच बरी. आणि कुंड्या वाटण्याआधी एक दिवस मुलांनाच कामाला लावा. सकाळी 8, 10, दुपारी 12, 2 आणि 4 वाजता मैदानात, व्हरांड्यात, खिडकीत ऊन कुठे आहे ते खडूने आखून वहीत तक्ता करू द्या. परिसर अभ्यासाचा याहून स्वस्त प्रयोग मला तरी माहीत नाही.

त्या मुलीची शेवंती आम्ही नोव्हेंबरअखेर शाळेमागच्या भिंतीजवळ नेली. तिथे दिवसा ऊन, रात्री काळोख. खत तेच, पाणी आधीपेक्षा कमी. संक्रांतीच्या सुमारास कळ्या दिसल्या आणि जानेवारी संपता संपता पिवळी फुलं आली. मी वर्गासमोर तिला सांगितलं, "तुझी चूक नव्हती गं, कुंडीची जागा मी चुकीची निवडली होती."

ती लगेच म्हणाली, "बाई, मग आता सगळ्यांच्या कुंड्या बघूया का?"

त्या दिवशी आम्ही सगळ्या कुंड्या पाहिल्या. त्यातल्या नऊ हलवाव्या लागल्या.