रंग होडीचा, काळजी घरादाराची

मैत्रिणींनो, १ जूनला मासेमारी बंद झाली की कोकणात यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. पुन्हा पाण्यात जाण्याआधी तळ खरवडून नवा रंग चढतो. हा खर्च टाळून चालत नाही. तळाला शेवाळ, शिंपले चिकटले की होडी जड होते, डिझेल जास्त जळतं. म्हणून या रंगात तांब्याचं संयुग असतं. ते हळूहळू पाण्यात सुटतं नि जीव चिकटू देत नाही.

पण जे शिंपल्याला मारतं, ते आपल्याला कसं मानवेल? पूर्वी अशा रंगात कथिलाचं संयुग असे. त्यामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. तांबं मात्र अजून चालू आहे.

खरवडलेली भुकटी त्याच खाडीत जाते, जिथे आपल्या बायका तिसऱ्या, कालवं काढतात. तेव्हा घरच्यांना ठणकावून सांगा: खाली ताडपत्री अंथरा, तळ ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा. भुकटी खाडीत लोटू नका, जाळूही नका. आणि हो, रंगकामाचे कपडे पोराबाळांच्या कपड्यांत भिजवू नका. होडी कुणाच्याही नावावर असो, कालवणाचं भांडं आपल्याच हातात आहे!