प्लग बदलण्यापूर्वी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारीच्या स्पार्क प्लगवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु लिहायला कारण घडले आहे.

गेल्या वर्षी आमची जुनी मारुती ८०० चढावर धापा टाकू लागली, मिसिंग करू लागली. गॅरेजवाल्याने तिन्ही प्लग बदलले आणि जुने न बघताच कचऱ्यात टाकले. महिन्याभराने पुन्हा तेच रडगाणे! मग ओळखीच्या एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी इंजिन थंड होऊ दिले. भोवतालची धूळ झटकून एकेक प्लग काढला आणि सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडला. दोघांची तोंडे फिकट तपकिरी, म्हणजे प्रकृती ठीक. तिसरा मात्र काळा आणि तेलाने ओला. रोग प्लगचा नव्हताच. झिजलेल्या रिंगांमधून ऑइल वर चढत होते. पहिल्या खेपेचा जुना प्लगही बहुधा हेच सांगत होता. पण त्याला विचारले कोणी?

मेस्त्रींनी मला ही बाराखडी शिकवली. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबला आहे का पाहावे. तोंड पांढरेफटक, फोड आल्यासारखे असेल तर इंजिन फाजील तापते आहे. टोके झिजून फट वाढली असेल तर प्लगचे आयुष्य संपले. तो खुशाल बदलावा. नव्या प्लगची फट गेजने मोजावी आणि तो आधी हातानेच फिरवून बसवावा, पाना नंतर लावावा. हेडमधले आटे गेले, तर दहा मिनिटांचे काम दहा दिवसांवर जाते.

मित्रहो, दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. "लवकर करा" म्हणून त्याच्या मागे तगादा लावणारे आपणच. बदलायला पैसे पुरतात, तपासायला मात्र थांबावे लागते, आणि थांबण्याची आपली तयारी नसते. विजेच्या मोटारींना प्लग नसतो, हे खरे; पण रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि न पाहता बदलण्याची खोड तर प्लगपुरती नाहीच.

पुस्तकातल्या ओळीचा अर्थ लावायला आपण इथे शिकतो. मग हातातल्या वस्तूचा अर्थ लावणे कमी प्रतीचे का मानावे? पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये गेलात, तर जुना प्लग मागून घ्या, त्याचे तोंड पाहा आणि कारण विचारा. बिल त्यानंतर द्या.