ट्रस्ट करावा, पण मुलींना डावलण्यासाठी नव्हे

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक असो, सोलापूरचा चादर कारखानदार असो की सांगली-मिरजेकडचा बागवान व्यापारी असो, मिल्कतीचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते, “मुलं बघून घेतील.” मुले बघून घेतात, नाही असे नाही. पण बाप अर्धांगवायूने पाच-सात वर्षे अंथरुणाला खिळला, किंवा घरात जन्मापासून अपंग असलेली मुलगी असली, तर महिन्याच्या महिन्याला लागणारा पैसा कोणाच्या गल्ल्यातून यायचा, हे तोंडी कारभारात कधी ठरतच नाही. मेडिक्लेम इस्पितळातल्या बिलापुरता. घरी ठेवलेल्या आयाचा पगार आणि रोजची औषधे साधारणपणे त्यात बसत नाहीत. मग भावाभावांत बोलाचाली होते आणि आजारी माणूस मध्ये अडकतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्याकडे स्वतःच्या मालकीचा एखादा भाड्याचा गाळा किंवा घर आहे, त्याने धडधाकट असतानाच त्याचा काही भाग ट्रस्टमध्ये घालून अशा देखभालीसाठी बांधून ठेवावा. ‘धडधाकट असतानाच’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. पुष्कळ जणांचा भरवसा मुलाच्या नावे केलेल्या मुखत्यारपत्रावर असतो. पण भारतीय करार कायद्यानुसार, लिहून देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी होतो. तीच गोष्ट शेवटच्या दुखण्यात केलेल्या हिब्याची. मर्ज-उल-मौतमधला हिबा वसिय्यतीसारखा धरला जातो आणि त्याला एक तृतीयांशाची मर्यादा लागते.

वसिय्यतीने हे काम का भागत नाही, ते एका हिशेबाने पाहू. समजा, एका दुकानदाराच्या मागे ३२ लाखांची मिल्कत, पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ४ लाख, मुलाला १४ लाख आणि मुलींना प्रत्येकी ७ लाख. यांतली एक मुलगी स्वतःचा व्यवहार पाहू शकत नाही. तिच्यासाठी वसिय्यत करून जास्त ठेवावे असे बापाच्या मनात आले, तरी हनफी मताप्रमाणे वारसाच्या नावे वसिय्यत चालत नाही. बापाच्या मृत्यूनंतर इतर वारसांनी संमती दिली तरच ती लागू होते. (शिया कायद्यात एक तृतीयांशापर्यंत अशी संमती लागत नाही.) शिवाय तिचे ७ लाख सांभाळणार कोण? बहुधा तोच भाऊ, ज्याच्या धंद्याला भांडवल कमी पडते आहे.

येथे १८८२ चा भारतीय ट्रस्ट कायदा कामी येतो. बापाने हयातीत एक गाळा दोन-तीन विश्वस्तांच्या हवाली करावा आणि दस्तात लिहावे की, भाडे आधी आपल्या व पत्नीच्या आजारपणाला, मग या मुलीच्या हयातभर देखभालीला, आणि तिच्यानंतर गाळा वारसांत वाटला जावा. स्थावर मिल्कतीचा असा ट्रस्ट लेखी आणि नोंदणीकृत दस्तानेच होतो. स्टँप पेपरवर लिहून कपाटात ठेवलेला कागद उपयोगाचा नाही. हिब्याप्रमाणे येथेही ताबा खरोखर जावा लागतो. भाडे विश्वस्तांच्या खात्यात जमा झाले पाहिजे. भाडे पूर्वीसारखे बापाच्याच गल्ल्यात पडत राहिले, तर उद्या कोर्टात त्या ट्रस्टचा बचाव करणे अवघड जाईल. पैसा कोठे गुंतवावा हेही दस्तात लिहिता येते. व्याज टाळणाऱ्यांनी ते अवश्य लिहावे.

कोणी विचारील, त्यापेक्षा वक्फ-अलल-औलाद का करू नये? ही आपली जुनी वाट आहे. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने कौटुंबिक वक्फ बेकायदा ठरवला. त्यावर देशभर नाराजी झाली आणि बॅ. जिना यांनी मांडलेले विधेयक १९१३ साली कायदा होऊन ही वाट पुन्हा खुली झाली. पण वक्फ कायमचा असतो. वक्फ केलेला गाळा विकता येत नाही, गहाण ठेवून कर्जही मिळत नाही. ज्याचा धंदा उधारी-उचलीवर चालतो, त्याने हा विचार आधी करावा. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने तर स्पष्टच म्हटले आहे की, वक्फ-अलल-औलादमुळे कोणाही वारसाचा, स्त्रियांचासुद्धा, वारसाहक्क बुडता कामा नये. या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले आणि १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने काही कलमे थांबवली गेली, संपूर्ण कायदा नव्हे. त्या कायद्यावर आमचेही आक्षेप आहेत. पण मुलींच्या हक्काबद्दलच्या या एका वाक्याला विरोध करायला आपल्यापाशी तोंड आहे काय?

कारण ट्रस्टचा दुरुपयोग नेमका येथेच होतो. हयातीत सगळे मुलाच्या नावे, किंवा मुलगाच लाभार्थी असलेल्या ट्रस्टच्या नावे करायचे आणि बहिणींसाठी विरासत म्हणून काही उरूच द्यायचे नाही. कायद्याने हे जमूनही जाते. पण हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सर्व मुलांना तसेच दिले का, असे विचारले होते, हा प्रसंग आपल्यातले बहुतेकजण जुम्याच्या बयानात ऐकून आहेत. गरजेपोटी अपंग अपत्याला जास्त देणे वेगळे, त्याला अनेक जाणकारांनी वाव दिला आहे. मुलगी लग्न करून गेली म्हणून तिला कमी देणे ही गरज नव्हे.

म्हाताऱ्या आईबापांना आणखी एक सांगावेसे वाटते. मुलगा सांभाळील या आशेवर राहते घर हिबा करून देऊ नका. हिब्याला घातलेली अट आपल्या कायद्यात गळून पडते आणि हिबा तेवढा कायम राहतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ट्रिब्युनलकडे दाद मागता येते, आणि देखभालीची अट दस्तात लिहिलेली असली तर बाजू भक्कम होते. तरी त्या वयात पोराविरुद्ध प्रांत कचेरीच्या पायऱ्या चढायच्या कोणी? ट्रस्ट केला तर निदान घर मुलाच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

मात्र एकट्या मुलालाच विश्वस्त नेमून हे साधणार नाही. मुलगा, जावई आणि घराबाहेरचा एक भला माणूस असे तिघे असावेत. पागडीचा गाळा आपल्या मालकीचा नसतो, म्हणून तो ट्रस्टमध्ये घालण्याच्या भानगडीत पडू नये. भागीदारीतला धंदा असेल तर आधी तो करार काढून वाचावा. वेगळे ठरले नसेल, तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे एक भागीदार मरताच भागीदारी मोडते, आणि जो हिस्सा ट्रस्टला मिळेल असे धरून चाललो, तो हिशेबाच्या वादात अडकतो. मतिमंद किंवा स्वमग्न अपत्य सज्ञान झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्ह्याच्या समितीकडून नेमून घ्यावा लागतो. ट्रस्ट केला म्हणून ते काम टळत नाही. लाभार्थींचे हिस्से दस्तात ठरवलेले नसले तर उत्पन्नावर साधारणपणे सर्वांत वरच्या दराने आयकर लागतो, म्हणून दस्ताचा मसुदा वकिलाबरोबर आपल्या हिशेबनीसालाही दाखवावा, आणि हिश्श्यांबाबत शंका असली तर मुफ्तीसाहेबांनाही. नोंदणीनंतर दस्ताची एक प्रत घरातल्या मुलींच्या हाती द्यावी.