आजोबांचं जन्मसाल

नातवानं परवा माझ्या फोनवर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ उतरवून घेतला. खेळानं जन्मतारीख विचारली. स्वारी नऊ वर्षांची, पण बोट सरकवत सरकवत गडी थेट १९५७ पर्यंत पोचला. म्हणाला, "आजोबा, तुमचं साल टाकलंय. माझं टाकलं तर आईला विचारायला लावतात." तेव्हापासून शर्यत ऐन रंगात आली की मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते.

हसून झाल्यावर मी कायदा काय म्हणतो ते वाचायला बसलो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचं नववं कलम मुलांसाठी आहे. १८ वर्षं पूर्ण न झालेला प्रत्येक जण मूल. त्याची माहिती वापरायची तर आधी आईवडिलांची संमती हवी, आणि संमती देणारा खरोखरच सज्ञान आहे याची खातरजमा कंपनीनं करायची. मुलांच्या सवयींवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. हे मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांना तयारीसाठी त्यापुढे आणखी १८ महिने मिळाले.

अमेरिकेनं १९९८ मध्येच असा कायदा केला. तिथं रेघ तेराव्या वर्षावर आखली. बरीचशी अ‍ॅप 'वय तेरा पूर्ण' मागतात त्याचं मूळ हे. आपल्याकडची चौथीतली पोरं ते तेरा एका बोटानं पूर्ण करतात. आपण रेघ अठरावर नेली. लोकलच्या गर्दीतून एकटी कॉलेजला जाणारी सतरा वर्षांची मुलगी अ‍ॅपवर खातं उघडताना बाबांना विचारणार, हे मला जरा जास्तच वाटतं. पण माझी खरी शंका वेगळी आहे. मुलाचं रक्षण करायचं तर समोर मूल आहे हे आधी कंपनीला कळायला हवं. आमच्या घरात तर फोन माझा, साल माझं आणि बोट तेवढं नातवाचं.

बरं, नातवाला बोलायला मी तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? संक्रांतीनंतर धाकट्या नातीचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओघळणारी बोरं आणि चुरमुरे. फोटो मी हौसेनं चार ग्रुपवर टाकला. खाली तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वर सोसायटीचं नावही. कुठल्याही कंपनीनं ही माहिती माझ्याकडे मागितली नव्हती. आणि कायदा मला काही म्हणत नाही, कारण माणसानं खासगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. संमती द्यायचा अधिकार आईवडिलांचा. मी तिच्या आईलाही विचारलं नव्हतं.

दिलेली माहिती पुसून टाका, असं कंपनीला सांगायचा हक्क या कायद्यात आहे. नातेवाइकांना सांगायची सोय त्यात नाही. त्या रात्री मी चारही ग्रुपवरून फोटो काढून टाकला. सकाळी तो पुण्याच्या आत्याच्या स्टेटसला होता, नावगाव आणि जन्मतारखेसकट.