पाया खोदण्याआधीचे आजार

शहराच्या कडेच्या एखाद्या माळावर सकाळी जेसीबी येतो. दुपारपर्यंत बोरी, बाभळी, घाणेरी मुळासकट उपटून एका कोपऱ्यात ढीग लागतो. संध्याकाळी त्या ढिगाला, त्यात अडकलेल्या प्लास्टिकसकट, काडी लावली जाते. दुसऱ्या दिवसापासून डंपरच्या फेऱ्या, खडक फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज आणि मुरुमाचा भराव सुरू होतो. शेजारच्या वस्तीत खिडक्या बंद होतात, वाळत घातलेले कपडे घरात येतात. काही दिवसांत जवळच्या दवाखान्यात खोकला, धाप, डोळे चुरचुरणे, अंगावर पुरळ अशा तक्रारी घेऊन माणसे येऊ लागतात. त्यांना औषध मिळते, केसपेपरवर ‘ॲलर्जी’ असे लिहिले जाते. जेसीबीचा उल्लेख कुठेच होत नाही.

घरे बांधू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तिथे क्षयरोग कसा पसरतो, हे सरकारी रुग्णालयातील प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. हवेशीर, परवडणारे घर हे औषधाइतकेच गरजेचे आहे. प्रश्न घराचा नाही. घर उभे राहण्याआधी जमीन साफ करणे, सपाट करणे, खोदणे आणि भरणे या टप्प्याचा आहे. या टप्प्याला स्वतःचे असे आजार आहेत. ते बरेचसे टाळता येण्याजोगे आहेत, आणि त्यांची जबाबदारी मात्र कोणा एकाची नाही.

नियम नाहीत असेही नाही. झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. मुरूम काढायचा तर महसूल खात्याकडे गौण खनिजाचे स्वामित्वधन भरावे लागते. शंभर घनफुटांचा एक ब्रास, असे किती ब्रास निघाले याचा हिशेब ठेवला जातो. धुळीसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची जानेवारी २०१८ ची अधिसूचना आहे. धूळ रोखण्याची पुरेशी व्यवस्था असल्याशिवाय मातीचे खोदकाम करू नये, सुटी माती उघडी ठेवू नये आणि केलेले उपाय लोकांना दिसतील असे जागेवर फलकावर लावावेत, असे त्यात सांगितले आहे. डासांचे काम पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, मजुरांचे कामगार खात्याकडे. प्रत्येक खाते आपापला तुकडा पाहते. त्या जागेवर काम करणाऱ्या आणि तिच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा पूर्ण विचार करणारा कागद या फायलीत नसतो.

धुळीपासूनच सुरुवात करता येईल. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या भागाएवढे, नाक आणि घशाचा पहारा ओलांडून श्वासनलिकेत जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. देशाच्या मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, तर अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ६०. माती उकरताना उडणारी धूळ बरीचशी जाड असते आणि ती लवकर खाली बसते. पण जाळलेल्या झाडोऱ्याचा धूर आणि यंत्रांचा डिझेलचा धूर अगदी बारीक कणांचा असतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. दम्याच्या मुलाला किंवा जुन्या दमेकरी आजोबांना या मिश्रणाचा त्रास पहिल्या दिवसापासून होतो.

मजुराचा धोका वेगळा आणि जास्त दूरगामी आहे. सिलिका म्हणजे गारगोटीची बारीक भुकटी वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली की फुप्फुसात चट्टे पडतात. हा सिलिकोसिस. तो उलटवणारे औषध नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील काळ्या पाषाणात मोकळी गारगोटी कमी असते, हे सुदैव. पण वाळू, ग्रॅनाइट, वाळूचा खडक आणि मुख्य म्हणजे पाडलेल्या जुन्या बांधकामाचे काँक्रीट यांत ती भरपूर असते. जुना वाडा किंवा इमारत पाडून जागा मोकळी करताना तोंडाला नुसता रुमाल बांधलेला मजूर ही भुकटीच ओढत असतो. रुमालाने जाड धूळ अडते, धोक्याची धूळ अडत नाही. पाणी मारून ओले ठेवलेले तोडकाम आणि नीट बसणारा मास्क, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो.

मात्र पाणी मारले की पुढचा प्रश्न उभा राहतो. साचलेले पाणी हे डासांचे पाळणाघर. शहरी हिवतापाचा मुख्य वाहक ॲनाफिलिस स्टिफेन्सी हा डास टाक्या, पिंपे आणि बांधकामावरचे स्वच्छ पाणी पसंत करतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला तर एखादे उघडे डबडेही पुरते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात तो याच हिशेबाने. पण तळघरासाठी खोदलेला आणि पैशाअभावी किंवा कोर्टकचेरीमुळे तसाच पडून राहिलेला खड्डा कोण कोरडा करणार? पावसाळ्यात तो तळे होतो. त्यात डास होतात, आणि कुंपण नसेल तर खेळायला गेलेले मूल बुडण्याचा धोकाही असतो. हिवताप दिसला की परगावचे मजूर तो घेऊन आले, असे म्हटले जाते. मजुराच्या रक्तात परजीवी असू शकतो. पण त्याला चावून पुढे शेजाऱ्याला चावणारा डास त्या खड्ड्यात वाढलेला असतो.

पाण्याच्या वाटेचेही तसेच. ओढ्यात भराव टाकला, डोंगराचा उतार कापला, तरी पाऊस पडायचा थांबत नाही. पाणी दुसरी वाट काढते. जून २०१३ मध्ये पुण्याजवळ कात्रज बोगद्याच्या पलीकडे डोंगरफोड झालेल्या भागातून अचानक आलेल्या लोंढ्यात माय-लेकी वाहून गेल्या. जून २०१९ मध्ये कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि मुलांसह १५ जणांचा जीव गेला. खोदलेल्या जागेच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी माणसांना झोपायला जागा देणे हा नशिबाचा भाग नव्हे, तो आखणीचा दोष आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. खाजणे आणि पाणथळ जागा बुजवताना पाणी कुठे जाईल एवढाच विचार पुरेसा नसतो. त्या पाण्यात कोणाचे पाय भिजतील, हेही पाहावे लागते.

झाडोरा काढला की त्यात राहणारे जीव बाहेर पडतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत दिली जाते. मांत्रिकाकडे किंवा जखम कापण्यात वेळ न दवडता तिथे पोहोचणे महत्त्वाचे. कोकणातील लाल विंचवाचा दंश एके काळी जीवघेणा मानला जाई, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या स्वस्त औषधाने ते चित्र बदलले. पण उपचार उपलब्ध आहेत म्हणून मजुराने अनवाणी पायांनी आणि उघड्या हातांनी दगड उचलावेत असे नाही. चारही बाजूंनी एकदम झाडोरा तोडला की साप मधे कोंडतो आणि शेवटी घरांकडे वळतो. वस्तीच्या बाजूने सुरुवात करून मोकळ्या रानाच्या दिशेने काम सरकवले तर त्याला वाट मिळते. यासाठी जास्तीचा खर्च येत नाही.

सापापेक्षा खूप लहान असलेला एक जीव डॉक्टरांनाही चकवतो. झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या माइट या बारीक किड्याची अळी चावल्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले. आठवडाभर न उतरणारा ताप, डोकेदुखी आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, ही त्याची खूण. खपली दुखत नाही, त्यामुळे रुग्ण सांगत नाही. कपडे काढून तपासले नाही तर ती दिसत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळेत मिळाले तर रुग्ण सहसा लवकर बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. निदानाला मदत करणारा प्रश्न साधा आहे: गेल्या दोन आठवड्यांत झुडपे तोडायला किंवा गवत काढायला गेला होता का?

जमीन साफ करून लगेच बांधकाम होतेच असे नाही. पुष्कळ भूखंड भाव वाढण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे मोकळे पडतात. उघड्या मातीवर सर्वांत आधी फोफावते ते गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याचे एक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या संपर्काने चेहरा, मान आणि हातांची कातडी जाड, काळपट होऊन खाजते. परागकणांनी सर्दी आणि दमा बळावतो. मूळचे गवत आणि झुडपे काढून टाकली आणि त्या जागी हे वाढले, तर ती जागा साफ झाली असे कसे म्हणायचे? शिवाय शेजारचा राडारोडा अशा भूखंडावर येऊन पडतो, त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतात.

या सगळ्यावरचे उपाय मोठ्या यंत्रणेचे नाहीत. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, पाण्याची फवारणी आणि झाकलेली वाहने सक्तीची केली. हवा बिघडल्यावर का होईना, ते योग्यच झाले. पण त्या नियमांत धूळच आहे; डास, खड्डे, साप आणि मजुरांची झोपण्याची जागा नाही. पत्र्याच्या आतला माणूसही पत्र्यामुळे सुरक्षित होत नाही. शिवाय शहराच्या हद्दीबाहेर, जिथे आज सर्वाधिक माळ सपाट होत आहेत, तिथे ग्रामपंचायतीकडे ना पत्रे मोजणारा माणूस असतो ना धूळ मोजणारे यंत्र.

म्हणून खोदकामाच्या परवानगीलाच आरोग्याच्या अटी जोडायला हव्यात, आणि त्या यंत्राविना, नुसत्या डोळ्यांनी तपासता येतील अशा असाव्यात. बांधकाम सुरू होणार असेल तेवढीच जमीन साफ करावी; उरलेल्या जागेवरचे गवत राखावे. झाडोरा जाळू नये. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे. खड्ड्याला कुंपण असावे आणि आठवड्यातून एकदा पाणी उपसावे. उपसणे शक्य नसेल तिथे गप्पी मासे सोडावेत. मजुराला गमबूट, हातमोजे, धनुर्वाताची लस आणि दुपारच्या उन्हात सावली मिळावी, आणि त्याची झोपडी भिंतीपासून व कापलेल्या उतारापासून दूर असावी. काम सुरू होण्याच्या आठ दिवस आधी जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. म्हणजे सर्पदंशाची लस, ताप-सर्वेक्षण आणि मजुरांची रक्ततपासणी यांची तयारी ठेवता येईल. रुग्णालयाशेजारी खोदकाम होणार असेल तर ही सूचना अधिकच गरजेची ठरते. मातीतून उडणारे ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू धडधाकट माणसाला सहसा काही करत नाहीत, पण केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला ते प्राणघातक ठरू शकतात.

खर्चाची तक्रार होईल. पण टँकरभर पाणी, गमबुटांचे जोड आणि कुंपणाची तार यांचा खर्च जमिनीच्या भावापुढे नगण्य आहे. आज तो वाचतो असे वाटते, कारण तो दुसरीकडे भरला जातो. मजुराच्या बुडालेल्या रोजंदारीतून, शेजारच्या घरातल्या इन्हेलरच्या पैशांतून आणि सरकारी रुग्णालयातील खाटेवर तो वसूल होतो.

डॉक्टरांचाही यात वाटा आहे. व्यसन, आहार, मधुमेह यांची चौकशी होते. घराशेजारी खोदकाम सुरू आहे का, कामाची जागा कोणती, राहायला कुठे, हे क्वचितच विचारले जाते. उत्तर केसपेपरवर आले तर एकाच भूखंडाभोवतीचे दहा रुग्ण एकत्र दिसतील आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती तक्रारीऐवजी नोंद असेल. त्या नोंदीवर तो काम थांबवण्याची किंवा सुधारण्याची शिफारस करू शकेल.

मुरूम उचलण्याच्या परवान्यावर जागेचा गट क्रमांक, मुदत आणि ब्रास लिहिलेले असतात. त्याखाली आरोग्याच्या सहा अटी आणि आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहायला फार जागा लागणार नाही.